स्पीड टेस्ट फुल, तरी कॉल अडकतो: पिंग नेमका कुठे वाढतो ते कसं शोधायचं

"भाऊ, नेट त शे, पन आवाज कटी ऱ्हायना." धुळ्यापासून रावेरपर्यंत ही तक्रार मी इतक्या वेळा सोडवली आहे की पहिलं वाक्य कानावर पडलं की पुढचं तोंडपाठ असतं: स्पीड टेस्ट केली, शंभर दाखवते. मग ऑपरेटर मोठा प्लॅन सुचवतो, ग्राहक पैसे भरतो आणि रात्री आवाज पुन्हा कटतो. कटणारच. शंभर एमबीपीएस म्हणजे एका सेकंदात किती माल येतो. पिंग म्हणजे तुमच्या डेटाचं एक छोटं पाकीट सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती वेळ लागतो. पहिला आकडा वाढवून दुसरा सुधारतो तो क्वचित.

ही पोस्ट दोघांसाठी आहे. अर्धी घरच्या ग्राहकासाठी, उरलेली तालुक्याच्या गावात दोन-चारशे जोडण्या सांभाळणाऱ्या ऑपरेटरसाठी. कुणी कुठे थांबायचं ते जागच्या जागी लिहिलं आहे.

लक्षणं

यातलं एखादं जरी तुमच्याकडे घडत असेल तर पुढे वाचा.

– स्पीड टेस्ट पूर्ण, यूट्यूब झकास, पण व्हिडिओ कॉलवर समोरचा "हॅलो, हॅलो" करत बसतो.
– गेममध्ये आपण आधी मरतो आणि गोळी नंतर दिसते.
– रिमोट डेस्कटॉपवर किंवा टॅलीच्या क्लाउडवर अक्षर टाइप केलं की ते क्षणभराने उमटतं.
– दुपारी सगळं ठीक, रात्री आठ ते अकरा हाल.
– रस्त्याच्या कामात फायबर तुटली, जोडली, नेट आलं. पण तेव्हापासून पिंग जो वाढला तो वाढलाच.
– बाकी सगळं चालतं, एकच अॅप किंवा एकच साइट रखडते.

यूट्यूब ठीक चालणं हा पुरावा धरू नका. व्हिडिओ काही सेकंदांचा साठा आधीच भरून ठेवतो, शिवाय तो बहुधा जवळच्या कॅशमधून, म्हणजे व्हिडिओंच्या प्रती ठेवणाऱ्या जवळच्या सर्व्हरमधून येतो. कॉलला साठा करता येत नाही. स्पीड टेस्टचंही तेच: अॅप आपणहून सगळ्यात जवळचा सर्व्हर निवडतं, बऱ्याचदा तो ऑपरेटरच्याच नाहीतर त्याच्या वरच्या कंपनीच्या (जिच्याकडून तो नेट घेतो तिच्या) नेटवर्कमध्ये असतो. ज्या वाटेवर दुखणं आहे त्या वाटेने ती टेस्ट जातच नाही.

किती पिंग बरा म्हणायचा

काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे शंभर किलोमीटर फायबरमागे जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. जळगाव रेल्वेने मुंबईपासून सुमारे ४२० किलोमीटर. फायबर कधी सरळ रेषेत टाकलेली नसते, मधे राउटर-स्विच असतात, घरच्या जीपॉनमध्ये (एकाच फायबरवर अनेक घरं जोडायची पद्धत) अपलोडला पाळीची वाट बघावी लागते. हे सगळं धरून जळगावहून मुंबईतल्या सर्व्हरला ८ ते १५ मिलिसेकंद आले तर लाइन निरोगी आहे. धुळ्याहून याहून थोडे कमी. सिंगापूरला ६५ ते ८० येतील, युरोपला सव्वाशेच्या आसपास, अमेरिकेला दोनशेच्या आसपास किंवा जास्त. हे अंतराचं देणं आहे, कोणताही राउटर ते माफ करत नाही. म्हणून गेमचा सर्व्हरच सिंगापूरला असेल तर "पंधरावर आणून द्या" असा हट्ट धरून उपयोग नाही. बोलण्यासाठी मात्र इतकं कडक काही लागत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण सुरळीत मानते. कॉल कटतो तो बहुतेक वेळा सरासरी पिंगने नाही, पिंग १२ वरून २५० वर उडी मारतो आणि परत येतो त्याने, किंवा मधेच पाकिटं गळतात त्याने.

आकड्यापेक्षा त्याचा स्वभाव बघा. माझं निम्मं निदान इथेच होतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग सतत चालू ठेवा. विंडोजमध्ये पत्त्यानंतर वजा-टी लावलं की तो थांबत नाही. पत्ता ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घ्या, दोन्ही मुंबईतून उत्तर देऊ शकतात. पाच मिनिटं नुसतं बघत राहा.

सतत वरखाली, कसलाही ताल नाही: वायफाय. कुणी काही अपलोड करायला लागलं की एकदम चढतो, थांबलं की उतरतो: घरातली रांग. फक्त रात्री चढतो, पहाटे उतरतो: ऑपरेटरकडची नाहीतर त्याच्या वरची गर्दी. चढला आणि चोवीस तास त्याच उंचीवर सपाट राहिला: वाट बदलली आहे. आकडा ठीक, पण मधे मधे "रिक्वेस्ट टाइम्ड आउट": कुठेतरी पाकीट गळतंय, बहुतेक वेळा खराब जॉइंट.

पहिली तपासणी: वायफाय बाजूला काढा

एक लॅनची वायर, लॅपटॉप, राउटर. एवढंच. लोक नेमकी हीच पायरी टाळतात, कारण राउटर माळ्यावर किंवा टीव्हीच्या मागे असतो आणि तिथवर जायचा कंटाळा. पण वायरवर पिंग सपाट आला तर पुढचं काहीच करायचं नाही. ऑपरेटरला फोनही करायचा नाही, त्याचा दोष नाही.

वायर नसेल तर वायफायवरूनच आधी राउटरला पिंग करा, बहुधा १९२.१६८.१.१. राउटर घरातच आहे, उत्तर १ ते ५ मिलिसेकंदांत यायला हवं. तिथेच ८०, १५०, ४० असं नाचत असेल तर दुखणं तुमच्या भिंतींत आहे. आपल्याकडची जुनी धाब्याची घरं, दीड-दोन फुटी मातीच्या भिंती. नवी असतील तर आरसीसी स्लॅब. उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपायला जातं, राउटर खाली राहतो आणि तक्रारी एप्रिलपासून वाढतात. यात ऑपरेटर काय करणार?

उपाय स्वस्तात स्वस्त आधी: राउटर उघड्यावर, छातीच्या उंचीला आणा. जवळ बसणार असाल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा. २.४ वापरावंच लागलं तर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एक निवडा. याच तिघांची एकमेकांत भेसळ होत नाही. ३ किंवा ८ निवडलं तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी भांडण. रिपीटरचा मोह टाळा. साधा रिपीटर तेच पाकीट हवेत दोनदा फेकतो, पट्टे फुल दिसतात आणि पिंग बिघडतो. वरच्या मजल्यावर वायर ओढून दुसरा अॅक्सेस पॉइंट लावणं कधीही बरं.

दुसरी तपासणी: घरातली रांग

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वांत जास्त हीच निघते आणि हिच्याबद्दलच लोकांना सर्वांत कमी माहिती असते.

पिंग चालू ठेवा. मोबाइलवरून एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला लावा. पिंगकडे बघा. १२, १३, १२ चालू होतं ते १८०, ३१०, ४०० झालं? अपलोड थांबवल्यावर दोन-तीन सेकंदांत पुन्हा १२? मग सापडलं. याला बफरब्लोट म्हणतात.

रावेरला केळीचा हंगाम जोरात असला की वजनकाट्यावर ट्रकांची रांग लागते. काटा एकच. मागून कुणी मोटारसायकलवर पिशवीभर माल घेऊन आला तरी त्याला त्या सगळ्या ट्रकांमागेच उभं राहावं लागतं. तुमच्या कॉलचं पाकीट ती मोटारसायकल. ट्रक म्हणजे फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप, सीसीटीव्हीचं क्लाउड रेकॉर्डिंग, मुलाच्या लॅपटॉपचं अपडेट. उपकरणात साठवणीची जागा भरपूर असते, म्हणून ते कुणालाच परत पाठवत नाही, सगळ्यांना रांगेत घेतं. रांग लांबली की पिंग वाढला. काटा मोठा केला, म्हणजे प्लॅन वाढवला, तर रांग लवकर सरते हे खरं. पण पाठवणारेही तितक्याच जोरात पाठवतात आणि रांग पुन्हा लागते.

यावर औषध आहे आणि ते फुकट आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची पद्धत मांडली: रांगेची लांबी मोजू नका, पाकीट रांगेत किती वेळ उभं आहे ते मोजा, आणि वेळ हाताबाहेर गेला की एखादं टाकून द्या, म्हणजे पाठवणारा आपणहून हळू होतो. त्यात प्रत्येकाला वेगळी रांग जोडून एफक्यू-कोडेल झालं, पुढे केक आलं. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मोफत प्रणालीवर हे एसक्यूएम नावाने मिळतं, मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवर राउटर-ओएसच्या सातव्या आवृत्तीपासून आहे. लावताना वेग लाइनच्या खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के द्या. १०० चा प्लॅन खरोखर ९५ देत असेल तर ८३-८४ लावा. दहा-बारा एमबी सोडायला लोक कुरकुरतात. पण रांग ओएनयूमध्ये (फायबर ज्यात येते तो घरातला डबा) किंवा ऑपरेटरकडे लागली तर तुमच्या हाती काही नाही. ती तुमच्या राउटरमध्ये लागली तरच तो तिला वळण लावू शकतो. त्यासाठी तुमचा राउटर सर्वांत अरुंद जागा असायला हवा.

दोन इशारे. स्वस्त राउटरवर "क्यूओएस" असं बटण असतं, ते बहुधा हे नव्हे. आणि जुन्या राउटरचा प्रोसेसर ३०० एमबीपीएसवर हे काम करताना धापा टाकतो. स्पीड निम्म्यावर आला तर दोष पद्धतीचा नाही, डब्याचा आहे.

तिसरी: ओएनयू आणि फायबर

ओएनयूच्या पानावर ऑप्टिकल माहितीत आरएक्स पॉवर दिसते, म्हणजे येणारा प्रकाश किती जोरदार आहे ते. ती डीबीएममध्ये मोजतात, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. जीपॉनचा साधा ओएनयू उणे ८ ते उणे २७ डीबीएम या पट्ट्यात काम करतो. उणे १५ ते उणे २४ असेल तर निर्धास्त राहा. उणे २६ म्हणजे नेट चालतं, पण काठावर. प्रकाश कमी म्हणून तो हळू धावतो असं नाही. कमी प्रकाशात अक्षरं चुकीची वाचली जातात, पाकीट फुकट जातं, पुन्हा मागवावं लागतं, आणि तुम्हाला कॉल अडकल्यासारखा दिसतो.

स्वतः बघण्यासारख्या दोन गोष्टी. पॅचकॉर्ड (ओएनयूला जोडलेली फायबरची छोटी वायर) कपाटाच्या दारात किंवा खिळ्याभोवती करकचून वळली आहे का. पेल्याच्या तोंडापेक्षा लहान वेटोळं असेल तर सोडवा. आणि टोकांचे रंग. हिरवा कनेक्टर तिरका घासलेला असतो, निळा सपाट. हिरव्यात निळा खुपसला तर तो बसतो, लाइटही लागतो, पण टोकं नीट टेकत नाहीत आणि तीन-चार डीबी तिथेच उडतात. लाइनमनच्या पिशवीत त्या दिवशी जी कॉर्ड हाती लागली ती लावली जाते, आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

अॅडॉप्टरही चाचपून बघा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ओएनयू आणि त्याचा अॅडॉप्टर चटका बसेल इतके तापतात, दुपारी अडखळतात आणि रात्री शहाण्यासारखे वागतात. भिंतीवर, हवेशीर जागी हलवा.

फायबरच्या बाबतीत इथे थांबायचं. फायबरचं टोक डोळ्यासमोर धरू नका, त्यातला लेझर दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो. खांबावर चढू नका. आपल्याकडे नेटची फायबर आणि विजेच्या तारा एकाच खांबावर असतात. जॉइंट, स्प्लायसिंग (तुटलेली फायबर जोडणं), बाहेरचा डबा हे लाइनमनचं काम.

चौथी: वाट टप्प्याटप्प्याने मोजा

घर निर्दोष ठरलं की ट्रेसराउट, म्हणजे पाकीट कोणकोणत्या राउटरवरून जातं आणि प्रत्येकापर्यंत जाऊन यायला किती वेळ लागतो ते दाखवणारी कमांड. लोक चुकीचं वाचतात म्हणून एक नमुना देतो. जळगावातून मुंबईतल्या सर्व्हरकडे जाणारी निरोगी वाट साधारण अशी दिसेल (आकडे मिलिसेकंदांत):

पहिला टप्पा, घरचा राउटर: १
दुसरा, ऑपरेटरचा: ३
तिसरा, १००.६४ ने सुरू होणारा पत्ता: ४
चौथा, मुंबई: १०
पाचवा: ८५
सहावा: ११
शेवटचा, सर्व्हर: ११

पाचव्यावर बोट ठेवून "इथे आहे प्रॉब्लेम" म्हणणारे रोज भेटतात. तिथे काही नाही. मधल्या राउटरचं काम पाकिटं पुढे ढकलणं. तुमच्या चौकशीला उत्तर देणं त्याच्या लेखी शेवटचं काम, सवडीने करतो किंवा करतच नाही. म्हणूनच कुठे आकड्याऐवजी तारे दिसतात. खरा विलंब असता तर त्याच्या पुढचे सगळे टप्पेही ८५ च्या वर असते. नियम एकच: वाढ एका टप्प्यावर सुरू होऊन शेवटपर्यंत टिकली तरच ती खरी. तिसऱ्या ओळीतला १००.६४ हा पत्ता बघून घाबरू नका, ऑपरेटर अनेक ग्राहकांना एकाच पब्लिक पत्त्यामागे बसवतो त्यासाठी राखलेला तो पट्टा आहे.

आता आजारी वाट. दुसऱ्या टप्प्यालाच रात्री ६० येतात: ऑपरेटरचा पॉन पोर्ट (अनेक घरांची फायबर जिथे जोडलेली असते ते तोंड) किंवा त्याची अपलिंक (वरच्या कंपनीकडे जाणारी लाइन) भरली. चौथ्याला १० ऐवजी सपाट २८: मुंबईला जाणारी वाट लांबली. चौथ्यापर्यंत १० आणि मग एकदम ७०, तेही सर्व्हर मुंबईत असताना: पाकीट सिंगापूरला जाऊन परत येतंय. असं होतं. वरच्या दोन कंपन्यांची मुंबईत आपसात जोडणी नसते, असते ती परदेशात, मग शेजारच्या इमारतीतल्या सर्व्हरकडे समुद्राखालून फेरी.

एकच साइट रखडत असेल तर तीन छोट्या गोष्टी करून बघा: व्हीपीएन बंद, डीएनएस बदल, आणि आयपीव्ही-६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) तात्पुरतं बंद. डीएनएस सांगतो कोणत्या सर्व्हरकडे जायचं. तो दूरच्या शहराचा पत्ता देत असेल तर बाकी सगळं ठीक असून उपयोग नाही. आयपीव्ही-४ आणि ६ च्या वाटा अनेकदा वेगळ्या असतात. ६ बंद केल्यावर सुधारलं तर ते तसंच बंद ठेवून विसरू नका, ऑपरेटरला कळवा. एखाद्या व्हीपीएनने पिंग उलट कमी झाला तर तो भक्कम पुरावा आहे की मूळ वाट वाकडी होती.

घरच्या ग्राहकाने इथे थांबावं. ऑपरेटरला एवढं पाठवा: चांगल्या वेळचा एक आणि वाईट वेळचा एक ट्रेसराउट, दोन्हींवर वेळ, वायरवरून घेतलेले. "नेट स्लो आहे" यापेक्षा याला उत्तर लवकर मिळतं.

यापुढचं ऑपरेटरसाठी

आधी ग्राफ. तुमचा अपलिंकचा ग्राफ ७५ टक्के दाखवतो म्हणून जागा आहे असं समजू नका. तो पाच मिनिटांची सरासरी काढतो. त्या पाच मिनिटांत शेकडो वेळा अर्धा-अर्धा सेकंद लाइन शंभर टक्के भरलेली असते, आणि कॉल कटायला तेवढं पुरतं. रात्री नऊच्या ग्राफने ७० ओलांडायला सुरुवात केली की बँडविड्थ वाढवायची बोलणी सुरू करा. वरची कंपनी ठरलेल्या मर्यादेवर पाकिटं सरळ कापत असेल तर तुमच्या बाजूच्या राउटरवर त्या मर्यादेच्या किंचित खाली शेपिंग (वेग आपणहून बांधून ठेवणं) लावा, घरच्यासारखंच. पॉन पोर्टचंही बघा: जीपॉन खाली २.४८८ गिगाबिट, वर जेमतेम १.२४४. एका पोर्टवर ६४ घरं आणि त्यांत वीस जणांचे कॅमेरे क्लाउडवर चढत असतील तर आधी अपलोडची बाजू गुदमरते, आणि ती कुणी बघत नाही.

मग रिंग. इथे मला जरा जास्त बोलायचं आहे.

रिंग म्हणजे फायबरचं वर्तुळ, एक बाजू तुटली तर दुसऱ्या बाजूने रहदारी जाते. आपल्याकडे ऑपरेटर अभिमानाने सांगतो, "आमची रिंग आहे." नकाशा मागितला की दिसतं: जाणारी आणि येणारी दोन्ही फायबर एकाच पुलावरून तापी ओलांडतात, किंवा सुरत-नागपूर महामार्गाच्या, राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या, एकाच कडेने जातात. एक जेसीबी, दोन्ही बाजू खलास. कागदावरची रिंग, जमिनीवरची रेघ. दुसरी बाजू दुसऱ्या पुलावरून न्या, जमत नसेल तर निदान रस्त्याच्या पलीकडून तरी.

रिंग खरी असली तरी रहदारी कोणत्या बाजूने वाहते हे कुणी ठरवलेलं नसतं. एका तालुक्याच्या गावी सगळ्या जोडण्यांचा पिंग पाच-सहा मिलिसेकंदांनी जास्त आणि रात्री गळती. सगळं तपासून झालं. शेवटी स्विचवर स्पॅनिंग ट्रीचा (रिंगमध्ये पाकिटं गोल फिरू नयेत म्हणून वाट ठरवणारी व्यवस्था) रूट, म्हणजे मूळ स्विच, कोण ते विचारलं, तर उत्तर आलं गावाच्या टोकाला, एका किराणा दुकानाच्या फळीवर, गोडेतेलाच्या डब्यांमागे बसलेला सर्वांत जुना स्विच. कारण साधं आहे. प्रायॉरिटी कुणी बदलली नाही तर सगळ्यांची ३२७६८ असते, मग ज्याचा मॅक पत्ता (उपकरणाचा कायमचा क्रमांक) लहान तो रूट, आणि लहान पत्ता बहुधा जुन्या डब्याचा असतो. गावची सगळी रहदारी त्या दुकानावरून वळसा घालत होती. प्रायॉरिटीतही लहान आकडा जिंकतो. मुख्य स्विचची प्रायॉरिटी ४०९६, पर्यायी स्विचची ८१९२, बाकी तशीच. काम एवढंच. जुनी स्पॅनिंग ट्री चालू असेल तर रॅपिडवर या. जुनीला सावरायला ३० ते ५० सेकंद लागतात.

राउटिंग ओएसपीएफवर (राउटरांनी आपसात वाट ठरवायची पद्धत) असेल तर कॉस्ट बघा, म्हणजे प्रत्येक लिंकला दिलेली किंमत. एकूण किंमत कमी ती वाट निवडली जाते. मायक्रोटिक, तुम्ही स्वतः कॉस्ट दिला नाही तर, प्रत्येक इंटरफेसला सारखाच देतो: दहा गिगाची फायबर आणि डोंगरावरचा ५ गिगाहर्ट्झचा बिनतारी रेडिओ त्याच्या लेखी एक. सिस्कोत मूळ संदर्भ १०० एमबीपीएसचा आहे, म्हणून १००, १००० आणि १०,००० एमबीपीएस तिघांनाही कॉस्ट १. अक्कलकुवा-धडगावकडे सातपुड्यात रेडिओ लागतोच, पण तो पर्यायी म्हणून. कॉस्ट हाताने द्या: छोटी फायबर १०, लांब फायबर २०, रेडिओ २००. नाहीतर टप्पे कमी म्हणून अर्धी रहदारी रेडिओवरून जाईल. हॅलो (मी जिवंत आहे असा निरोप) दर १० सेकंदांनी आणि डेड (निरोप न आल्यास लिंक मेली धरायची मुदत) ४० सेकंद ही मूळ मूल्यं आहेत, म्हणजे मधल्या स्विचमुळे लिंक वर दिसत राहिली तर फायबर तुटल्यावर चाळीस सेकंद रहदारी खड्ड्यात. बीएफडी (लिंक जिवंत आहे का ते फार झटपट तपासणारी पद्धत) लावलं की हे सेकंदाच्या आत येतं. मात्र डळमळीत रेडिओवर ते लावू नका, दर थोड्या वेळाने वाट बदलत राहील आणि ते अधिक वाईट.

आता फायबर तुटून जोडल्यावर "पिंग वाढला तो वाढलाच" या तक्रारीकडे. मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग सुमारे ८३७ किलोमीटर आणि जळगाव बरोबर मध्यावर. इथून माल चारही दिशांना जाऊ शकतो: नाशिकवरून मुंबई, नंदुरबारवरून सुरत, शिरपूरवरून इंदूर, भुसावळवरून नागपूर. नाशिककडची बाजू तुटली आणि वरच्या कंपनीने तुम्हाला नागपूर, हैदराबाद करत मुंबईला नेलं तर वाट सोळाशे किलोमीटरच्या घरात जाते. नुसत्या काचेचे १६ मिलिसेकंद, उपकरणं धरून २२ ते ३०. सपाट, दिवसरात्र सारखा. जॉइंट झाला, नेट चालू आहे, कुणी ओरडत नाही, म्हणून परत फिरवायचं राहून जातं. तुमच्या हातात एकच: दुरुस्ती झाल्यावर लगेच मुंबईचा पिंग घ्या आणि आधीच्या नोंदीशी ताडून बघा. आधीची नोंद नसेल तर आजच करून ठेवा.

स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर तुमच्या नेटवर्कची स्वतंत्र ओळख) आणि दोन अपस्ट्रीम (वरच्या कंपन्या) असतील तर बीजीपी, म्हणजे नेटवर्क-नेटवर्कमधली वाट ठरवणारी पद्धत. बीजीपीला पिंग दिसत नाही. तो आधी लोकल प्रेफरन्स (तुम्ही त्या वाटेला दिलेली पसंती) बघतो, मग एएसची साखळी किती लांब. तीन देश ओलांडणारी दोन एएसची वाट त्याला शहरातल्या शहरात राहणाऱ्या तीन एएसच्या वाटेपेक्षा गोड लागते. म्हणून जाणारी वाट तुम्हीच लोकल प्रेफरन्सने ठरवा: एक्स्चेंजवरून (अनेक नेटवर्क जिथे आपसात थेट जोडली जातात ती जागा) शिकलेले रूट, म्हणजे वाटा, सर्वांत वर, मग कॅशकडचे, मग अपस्ट्रीम. मुंबईत निक्सी आणि इतर एक्स्चेंज आहेत. तिथपर्यंतचा पोर्ट परवडत असेल तर प्लॅनची जाहिरात करण्यापेक्षा त्यावर खर्च करा. जळगाव आणि धुळ्यातल्या दोन वेगळ्या ऑपरेटरांच्या ग्राहकांमधलं पाकीटसुद्धा आज बहुधा मुंबईला जाऊन परत येतं. अमळनेरच्या जिनिंगचे कॅमेरे जळगावातल्या घरी बघणाऱ्याला तो वळसा रोज दिसतो. शेजारच्या ऑपरेटरशी थेट जोडणी करायला एक पोर्ट आणि एक पॅचकॉर्ड लागते, आणि चहा पिऊन बोलावं लागतं. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे असा माझा अनुभव.

येणारी वाट मात्र तुमच्या पूर्ण ताब्यात नसते. जाताना मुंबईहून आणि येताना सिंगापूरहून असं सर्रास होतं, आणि तुमच्या ट्रेसराउटमध्ये फक्त जाणारी बाजू दिसते, आकडा मात्र दोन्हींचा लागतो. उलट बाजू बघायला लुकिंग ग्लास वापरा, म्हणजे दुसऱ्या नेटवर्कमधून तुमच्याकडची वाट दाखवणारं वेबपान. एका अपस्ट्रीमला तुमचा २४ चा ब्लॉक (२५६ पत्त्यांचा गट) जाहीर करायचा राहिला आहे का, की दुसरीकडे कुणी जुनं प्रिपेंड (वाट मुद्दाम लांब दाखवणं) लावून ठेवलं आहे, हे दोन आधी तपासा.

ऑपरेटरने कुठे थांबायचं

बीजीपीचे फिल्टर तुम्हाला वाचता येत नसतील तर चालू नेटवर्कवर त्यांना हात लावू नका. एका अपस्ट्रीमकडून शिकलेले रूट चुकून दुसऱ्याला जाहीर झाले तर दुसऱ्यांची रहदारी तुमच्या छोट्या डब्यावर येऊन आदळते आणि दोघेही तुमचं सेशन पाडतात. अशा कामाला नेटवर्क इंजिनिअर तासावर बोलवा, रात्री दोननंतरची वेळ द्या, आणि आधीचं कॉन्फिग एक्स्पोर्ट करून वेगळ्या ठिकाणी ठेवायला लावा. ओटीडीआरवर (फायबर कुठे बिघडली ते मोजणारं यंत्र) भूमिगत फायबरमध्ये एकाच जागी मोठी पायरी दिसली तर स्प्लायसिंगवाल्या टीमला बोलवा, स्वतः खणू नका. त्याच चरात दुसऱ्यांच्या केबल असतात.

आणि गाठ वरच्या कंपनीच्या वाटेत असेल तर तिकीट टाका. त्यात तुमचा पब्लिक पत्ता, पलीकडचा पत्ता, दोन्ही दिशांचे ट्रेस, भारतीय वेळेसह तारीख आणि "पूर्वी १०, आता २८, अमुक दिवसापासून" ही एक ओळ. स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट जोडू नका, तो जोडला की पहिलं उत्तर "स्पीड बरोबर आहे" असं येतं आणि तिकीट बंद होतं. त्यांचा माणूस बघत असेपर्यंत आपल्या बाजूचं काही बदलू नका, नाहीतर कशाने काय झालं ते दोघांनाही कळणार नाही.